गाडी कॅशलेस यादीतल्या वर्कशॉपला द्यावी की आपल्या डेंटरकडे?

पाचट:

मंडळी, सल्ला हवाय. घरात दोन पार्ट्या पडल्यात आणि गाडी दारात तोंड फोडून उभी आहे.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास शिरोळकडून जयसिंगपूरला येत होतो. ऊस सीझन जोरात, म्हणजे रस्त्यावर ट्रॅक्टर आणि प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. माझ्या पुढच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, त्यात समोरून येणाऱ्याने अप्पर मारलेला. ट्रॉली दिसली तेव्हा अंतर संपत आलं होतं. ब्रेक लागला, वेग तीसच्या आत आला असेल, तरी गाडीचा उजवा कोपरा ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी चॅनेलवर जाऊन बसला. आम्हा दोघांना खरचटलंही नाही, एअरबॅग उघडली नाही. ट्रॅक्टरवाल्याला तर काही झाल्याचं कळलंच नाही. गाणी लावून तो तसाच पुढे गेला.

गाडी ऑगस्ट २०१९ ची स्विफ्ट, पेट्रोल, रंग पर्ल व्हाइट. बंपर फाटलाय, उजवा हेडलाइट गेला, बॉनेटला घडी पडली, उजवा फेंडर चेपला. रेडिएटर गळत नाही. गाडी चालते, पण मी चालवत नाही.

विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झिरो डेप (भाग जुने झाल्याची कपात माफ करणारी जोड) नाही. पाच वर्षांनंतर मिळत नाही असं एजंट म्हणाला आणि मी मान डोलावली. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, ५० टक्के. त्याच रात्री टोल फ्रीवर फोन करून क्लेम नंबर घेतलाय.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीतून फोन आला. सांगलीच्या अमुक वर्कशॉपला गाडी टाका, कॅशलेस होईल, आम्हीच टो करून नेतो. बाहेर दिलीत तर पुढची जबाबदारी तुमची. आवाज गोड, पण शेवटचं वाक्य तीनदा म्हटलं. त्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलंय ७५ हजार. इकडे स्टेशनपलीकडचा आमचा मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, ‘सर, बत्तीस हजारात नवी करून देतो.’ सासरे मिस्त्रीच्या बाजूने, कारण त्यांची जुनी फियाट त्यानेच दोनदा उभी केली होती. सौ. कंपनीच्या बाजूने. मी भौतिकशास्त्र शिकवतो, धडकेचं गणित फळ्यावर सोडवून दाखवीन, पण हे गणित सुटत नाहीये.

यादीबाहेर गाडी दिली तर क्लेम खरंच बुडतो का? आणि ७५ व ३२ मध्ये एवढा फरक कशाचा?

उद्यमनगरी:

सर, बत्तीस म्हंजे मिस्त्रीनं गाडी उघडून बघितलीच न्हाई. भायरनं फेरी मारून सांगितल्याला आकडा सोयरीकीतल्या पगारासारखा असतोय, धरून चालायचं न्हाई. पण पंच्याहत्तर बी खरा न्हाई. तिकडं ठोकायचं कामच बंद झालंय, समदं बदला आणि बिल लावा. आमच्या थोरल्या भावानं तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा ठोकला. फेंडर चेपला म्हनून फेकून द्यायचा, हे त्याला पाप वाटायचं.

मिस्त्रीला म्हनावं, बंपर खोल, मग बोल.

फ्रीमाँटकर:

आमच्याकडे कॅलिफोर्नियात विमा कंपनी ‘याच दुकानात जा’ अशी सक्ती करू शकत नाही, तसा कायदाच आहे. तरी फोनवरची बाई याद्या वाचून दाखवतेच. मी एकदा यादीतल्या दुकानात दिली, एकदा बाहेर. दोन्ही वेळा काम बरं झालं. भाड्याच्या गाडीचे पैसे मात्र दोन्ही वेळा कमी पडले.

उद्यमनगरी:

फ्रीमाँटकर, तुमच्याकडं उसाची ट्रॉली असती का वो?

लांबीवाली:

पाचट सर, आधी ओळख. पुण्यात एका डीलरच्या बॉडीशॉपमध्ये मी क्लेमच्या टेबलावर अकरा वर्षं बसले. लांबी म्हणजे पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ते पुटिंग. ती किती जाड आहे हे मला गाडीवर टिचकी मारून कळतं, म्हणून कारखान्यातल्या पोरांनी हे नाव ठेवलं. नोकरी सोडली, नाव राहिलं.

पहिली गोष्ट, ती कॅशलेसची यादी. लोकांना वाटतं कंपनीने हिंडून हिंडून उत्तम कारागीर निवडलेत. यादी म्हणजे उधारीचा करार आहे. वर्कशॉप म्हणतं, गिऱ्हाइकाकडून त्याचा वाटा घेऊ, तुमचा वाटा तुम्ही नंतर द्या. कंपनी म्हणते, ठीक, पण मजुरीचे दर आम्ही ठरवू आणि सुट्या भागांवर एवढी सूट द्या. झाला करार. त्यात पत्रा कोण ओढणार, रंग कोण मारणार, याबद्दल एक ओळ नसते. आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंगची पोरं ठेकेदाराची होती आणि त्यांना पैसे पॅनलमागे मिळायचे. महिन्याच्या तेवीस तारखेनंतर रंगाच्या बंद खोलीतून, म्हणजे बूथमधून, गाड्या कशा बाहेर पडायच्या ते मी पाहिलंय. याच माणसांनी दहा तारखेला केलेलं काम बघाल तर हात जोडाल. माणसं तीच, तारीख वेगळी.

दुसरं, क्लेम बुडतो का? नाही. यादीबाहेर दिलीत तर कॅशलेसऐवजी रिइम्बर्समेंट होतं: आधी खिशातून भरा, बिलं द्या, मग पैसे घ्या. अट मोठी एकच, सर्व्हे (विमा कंपनीच्या माणसाची पाहणी) होण्याआधी गाडीला हात लावायचा नाही. फोटोला, व्हिडिओला हरकत नाही. पाना लावायचा नाही. मात्र तुमच्या पॉलिसीचं ते बारीक टाइपातलं पान वाचा. काही कंपन्या प्रीमियममध्ये सूट देऊन ‘फक्त आमच्याच गॅरेजला नेईन’ असं लिहून घेतात, आणि मग बाहेर गेलात तर जादा रक्कम कापतात. झिरो डेपच्या कलमातही कधी कधी अशी अट दडलेली असते. तुम्हाला झिरो डेप नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

आता तुमचे पंच्याहत्तर. एस्टिमेटचे चार ढीग करा: धातूचे भाग, प्लॅस्टिकचे भाग, मजुरी, रंग. विमा कंपनी घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, ढिगानुसार कापते. गाडी पाच ते दहा वर्षांतली, म्हणून धातूच्या भागांवर ४० टक्के. प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के, गाडी कालची असो की दहा वर्षांची. काचेवर शून्य. पण हेडलाइटला आपण काच म्हणतो तरी तो प्लॅस्टिकचा असतो. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं या एका वस्तूवरून झाली. रंगाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा माल समजतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मजुरीवर घसारा नाही. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे तुमचे.

एस्टिमेटचे ढीग इथे टाका, गणित मांडू.

आणि हो, एनसीबी विसरू नका. क्लेम केलात की ५० टक्क्यांवरून थेट शून्य. नंतर २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५० ला यायला पाच वर्षं. म्हणजे पाच रिन्यूअलमध्ये मिळून तुम्ही ५०, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२५ टक्के गमावता. कशाचे? तर एनसीबी वजा करण्याआधीचा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा) प्रीमियम असतो त्याचे. थर्ड पार्टीच्या प्रीमियमशी याचा संबंध नाही. हा आकडा कुठलाही सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तुम्हाला सांगत नाही. मीही सांगत नव्हते. टार्गेट होतं.

पाचट:

ताई, दंडवत. एस्टिमेट घेऊन बसलो. जीएसटी धरून धातू २८,००० (बॉनेट, फेंडर, बंपरमागची रेडिएटर धरणारी चौकट म्हणजे शो पॅनल, एसीचा कंडेन्सर), प्लॅस्टिक २२,००० (बंपर, ग्रिल, दोन्ही हेडलाइट, लायनर), मजुरी ९,०००, रंग १६,०००.

माझ्या वाट्याला ११,२०० + ११,००० + २,००० + १,००० = २५,२००. म्हणजे ‘कॅशलेस’ म्हणताना पंचवीस हजारांची कॅश! ओन डॅमेज प्रीमियम सूट काढण्याआधी साधारण ६,००० आहे, त्याचे १२५ टक्के ७,५००. एकूण ३२,७००. म्हणजे क्लेमच केला नाही आणि मिस्त्रीला त्याचे ३२ दिले तरी हिशेब तोच! सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक शंका. डावा हेडलाइट शाबूत आहे, मग दोन का लावलेत?

लांबीवाली:

एक पिवळट आणि एक नवा दिसू नये म्हणून. सर्व्हेयर तो डावा पहिल्याच फेरीत खोडतो. एस्टिमेटमध्ये खोडायला काहीतरी ठेवायचं असतं, म्हणजे त्यालाही काम केल्यासारखं वाटतं.

पण सर, ३२ वर जाऊ नका. उद्यमनगरी बरोबर बोलले, तो आकडा बंद गाडीचा आहे. आणि तुमच्यासमोर तिसरा रस्ता आहे जो कुणीच सांगितला नाही: मिस्त्रीकडे काम आणि क्लेमही.

त्याआधी बघायचं ते हे. ट्रॉलीचं चॅनेल बंपरच्या वरच्या भागात बसलंय. बंपरच्या मागे काय झालंय त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं शो पॅनल वाकलं असेल तर तो बदलण्याचा भाग आहे, कुणीही हुशार डेंटर करील. पण धक्का एप्रनपर्यंत (इंजिनाच्या बाजूचा, चाकाच्या आतला पत्रा) किंवा चेसिसच्या पुढच्या दांड्यांपर्यंत गेला असेल, तर माझं मत साफ आहे: चौकटीच्या मापाचा बेंच आणि ती ओढून सरळ करणारा पुलर असलेल्या ठिकाणीच गाडी न्या. ते यादीत असो वा नसो. दांडा गॅस वेल्डिंगने तापवून ठोकून सरळ करणारा मिस्त्री कितीही जुना, कितीही घरचा असला तरी नको. त्या ठिकाणचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते, जस्ताचा थर जळतो, दोन पावसाळ्यांत गंज आतून पोखरतो. आणि पुढच्या धडकेत ज्या भागाने घडी घालून मार गिळायचा तो भाग कसा वागेल हे देवालाही सांगता येणार नाही.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. कंपनीला कळवा की सर्व्हेयरच्या समक्ष किंवा त्याच्या परवानगीने बंपर उघडतोय. उघडल्यावर इंजिन बेमध्ये मापाची टेप कर्णावर लावा: उजव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टपासून पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टपर्यंत, मग डावीकडून उजवीकडे. दोन्ही बाजूंना जोडीचेच बोल्ट घ्यायचे. मापं सारखी, तर चौकट जागेवर. फळ्यावर आयत काढून कर्ण शिकवत असालच.

कोथरूड_४११०३८:

लांबीवाली ताईंचा अनुभव मोठा आहे, पण सरसकट यादीला उधारीचा करार म्हणणं मला पटत नाही. माझ्या गाडीला बंपरमध्ये रडार आणि काचेमागे कॅमेरा आहे. मागच्या वर्षी फक्त पुढची काच बदलली, तर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागला, आणि ते यंत्र आमच्या भागातल्या एकाही बाहेरच्या गॅरेजकडे नव्हतं. बंपरवर रंगाचा जाड थर बसला तर पार्किंग सेन्सर उगाच बोंबलतात. गाडी नवी, वॉरंटीत, झिरो डेप, तर अधिकृत वर्कशॉपच. त्या दिवशी मला फक्त सक्तीचे हजार आणि किरकोळ क्लिपांचे पैसे पडले.

वॉरंटीबद्दल मात्र एक सांगतो, कारण सल्ला देताना लोक घाबरवतात. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोकला. कारण हेच की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नका, बाहेरच्या कामाने जे बिघडलं तेवढीच नाकारा, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. पण काउंटरवरचा पोरगा अजूनही ‘वॉरंटी व्हॉइड’ म्हणतोच.

लांबीवाली:

कोथरूडकर, तुमच्या गाडीला मीही हेच सांगितलं असतं. रडार आणि झिरो डेप असेल तर वाद नाही. सरांची गाडी सहा वर्षांची, साधी, बिनरडारची. तिथे प्रत्येक ‘बदला’मागे सरांच्या खिशातून चाळीस-पन्नास टक्के जातात. झिरो डेपवाल्याला बंपर बदलला की जोडला, काही फरक पडत नाही. सरांना पडतो. वर्कशॉप दोघांनाही तेच एस्टिमेट देतं.

आणि एक. पुष्कळ पॉलिस्या डीलरच्याच काउंटरवर विकल्या जातात. विमा नियामकाने २०१७ पासून त्याला नियमांची चौकट दिली, तरी विकणारा, दुरुस्त करणारा आणि एस्टिमेट लिहिणारा एकाच छपराखाली. तो चोर आहे असं मी म्हणत नाही. मीच होते ना तिथे.

कोथरूड_४११०३८:

मान्य. रंगाचं काय पण? पर्ल व्हाइट उघड्यावर मारणार?

लांबीवाली:

हा खरा प्रश्न. पर्ल व्हाइट तीन थरांचा असतो: पांढरा बेस, त्यावर मोत्याचा थर, त्यावर क्लिअर. मोत्याचा एक हात जास्त बसला तरी शेड पिवळट होते, आणि ते दुकानात कळत नाही, उन्हात कळतं. शिवाय तुमच्याकडे सध्या कारखान्याची काजळी आणि पाचट जाळल्याची राख हवेत. (तुमचं नाव उगाच नाही.) उघड्या शेडमध्ये ओला क्लिअर कोट म्हणजे काजळीला निमंत्रण. मिस्त्रीला पत्र्याचं काम करू दे, रंग बूथमध्ये. बूथमध्ये साठ अंशाला अर्धा तास भाजलेला रंग आणि ताडपत्रीखाली वाळवलेला रंग यात दोन उन्हाळ्यांनी फरक दिसतो.

उद्यमनगरी:

बूथ उद्यमनगरात भाड्यानं मिळतोय. ठोकलेलं पॅनल घेऊन या, रंगवून घेऊन जा. पावती बी मिळती. सर, व्यनि (खाजगी निरोप) करा.

पाचट:

पाच आठवडे झाले, उशिराबद्दल माफी. बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या.

कंपनीला मेल टाकला की मी माझ्या गॅरेजला काम करणार, रिइम्बर्समेंट घेणार. त्यानंतर तो गोड आवाज पुन्हा आला नाही. सर्व्हे व्हिडिओ कॉलवर झाला: मिस्त्रीच्या पोराने मोबाइल धरला, पलीकडून सर्व्हेयर ‘जरा डावीकडे, जरा खाली’ सांगत होता. बंपर खोलायची परवानगी त्याने तिथेच दिली. खोलल्यावर दुसरा कॉल.

कर्ण मोजले. एक ११८.४ सेंटीमीटर, दुसरा ११८.६. दोन मिलिमीटर म्हणजे माझ्या हाताची चूक धरा. मी तीनदा मोजलं, मिस्त्री हसत होता. एप्रन सरळ, दांडे सरळ, शो पॅनल मात्र उजवीकडे आत वळलेलं. कंडेन्सरच्या पाकळ्या दबल्या होत्या, गळती नव्हती, तो ठेवला. त्याच क्षणी ३२ चे ४१ झाले, आणि मिस्त्रीने न लाजता सांगितलं की ‘सर, तो आकडा अंगणातला होता.’

उद्यमनगरी यांचा भाऊ नाही, पण त्यांनी सुचवलेल्या ठिकाणी बूथ घेतला. बॉनेट नवं, शो पॅनल नवं, फेंडर ठोकून सरळ, बंपर नवा, उजवा हेडलाइट नवा, डावा पॉलिश. धातू १२,०००, प्लॅस्टिक ११,०००, मजुरी ८,०००, रंग १०,०००. माझा वाटा ४,८०० + ५,५०० + १,२५० + १,००० = १२,५५०. एनसीबीचे ७,५०० धरले तर २०,०५०. वर्कशॉपकडे हेच ३२,७०० होतं आणि क्लेम न करता ४१,०००.

कागदांचा त्रास मात्र झाला, तो लपवत नाही. मिस्त्रीकडे जीएसटी नंबर नाही. सर्व्हेयरला आधीच मेलवर विचारून ठेवलं होतं, म्हणून निभावलं: सुट्या भागांची बिलं काउंटरवरून माझ्या नावाने, रंगाचं बिल बूथवाल्याचं, मजुरीचं मिस्त्रीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह. लेटरहेड आम्हीच छापून घेतलं, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, पण एका दुकानदाराने आधी जुन्या २८ टक्क्यांनीच बिल केलं होतं, ते बदलून घेतलं. जुने भाग फेकू नका, कंपनी मागते. मागितले नाहीत तर त्यांच्या भंगाराचे पैसे कापते. आमचं फाटकं बंपर आठवडाभर जिन्याखाली होतं.

हिशेबाने २८,४५० यायला हवे होते. एकोणिसाव्या दिवशी २६,५५० आले. एसीचा गॅस, कूलंट आणि क्लिपांचे १,९०० कन्झ्युमेबल (वापरून संपणाऱ्या वस्तू) म्हणून गेले, ते मी मजुरीच्या आकड्यात धरले होते. भांडलो नाही.

पहिल्या खेपेला फेंडर आणि दरवाजात शेडचा फरक दिसत होता, ताई म्हणाल्या तसा फक्त उन्हात. बूथवाल्याने कुरकुरत पुन्हा मारला आणि दरवाजाच्या अर्ध्यापर्यंत फिकट करत नेला, म्हणजे जोड कुठे आहे ते डोळ्याला सापडत नाही. प्रायमरच्या आधीचे फोटो मी काढून ठेवलेत. फेंडरवर लांबी आहे, पण पातळ, लोहचुंबक धरतोय.

सौ.चं म्हणणं, एवढ्या फेऱ्या आणि एवढी सुट्टी यांचेही पैसे धर. ते धरले तर फरक किती उरतो हे मी मुद्दाम मोजलेलं नाही. सासरे खूश आहेत.

फोटो टाकतोय.

कोल्हापुरी_चप्पल:

सर, कंपनीने पैसे अडवले असते तर काय केलं असतंत? माझा गेल्या वर्षीचा अडकलाय. ‘यादीबाहेरचं गॅरेज’ एवढंच कारण फोनवर सांगतात.

लांबीवाली:

चप्पल, फोनवर सांगितलेलं कारण कारण नसतं. लेखी मागा, पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली ते विचारा. निम्मे क्लेम तिथेच सुटतात, कारण ते कलम सापडत नाही. कंपनीच्या तक्रार कक्षाला मेल करा. महिना गेला आणि उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या भागाला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं, म्हणून तारखा बघा.

सर, फोटो पाहिले. शेड चांगली बसली आहे. तिसऱ्या फोटोत बॉनेट उघडं आहे, त्यात उजव्या फेंडरच्या वरच्या तीन बोल्टांची डोकी उघडी पडलीयत, पान्याने रंग उडालाय. मिस्त्रीकडून तेवढी ब्रशने रंगवून घ्या, पावसाळ्याआधी.